कोहिमा ते इंफाळ : १९४४ च्या रणभूमीवरील स्मारके आणि वाटा

दिमापूरच्या सपाटीवरून निघून नागा टेकड्यांत चढणारा, कोहिम्याची धार ओलांडून माओ, मरम आणि कांगपोक्पीमार्गे इंफाळच्या खोऱ्यात उतरणारा रस्ता ही दुसऱ्या महायुद्धातील एका निर्णायक लढाईची किल्ली होती. १९४४ च्या मार्चपासून जुलैपर्यंत ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्याने आणि त्याच्या विरोधात उतरलेल्या जपानी सैन्याने ज्या ज्या टेकडीसाठी माणसे खर्ची घातली, त्यांपैकी बहुतेक टेकड्यांचे महत्त्व या रस्त्यावर त्यांची किती हुकमत चालत होती, यावरूनच ठरले. दिमापूर हे रेल्वेचे ठाणे आणि दारूगोळ्याचे प्रचंड कोठार होते, तर इंफाळचे खोरे म्हणजे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीलगत विमानतळे बांधता येतील एवढी सपाट जमीन असलेला या मुलखातील दुर्मीळ प्रदेश होता. या दोहोंना जोडणारी वाट तुटली की खोऱ्यातील फौजेला रसद पोचवायला आकाशाखेरीज मार्ग उरत नव्हता. ब्रिटनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने २०१३ मध्ये घेतलेल्या मतदानात इंफाळ-कोहिमाची लढाई ब्रिटनची सर्वांत थोर लढाई ठरली. त्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या फौजेचा फार मोठा भाग भारतीय होता, आणि ती जिथे लढली गेली ती जमीन नागा, मैतेई व कुकी लोकांची होती, ही गोष्ट या वाटेवरच्या कुठल्याही स्मारकापाशी उभे राहताना लक्षात ठेवावी लागते.

मोहिमेचा आराखडा थोडक्यात सांगायचा तर, जपानी पंधराव्या सेनेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल रेन्या मुतागुची यांनी तीन डिव्हिजन घेऊन चिंद्विन नदी ओलांडली. डिव्हिजन म्हणजे पायदळ, तोफखाना आणि पुरवठा यांसह स्वतंत्रपणे लढू शकणारा हजारो माणसांचा समूह. त्यांपैकी ३३ वी डिव्हिजन दक्षिणेकडून, १५ वी पूर्व व ईशान्येकडून इंफाळवर चालून आली, आणि लेफ्टनंट जनरल कोतोकु सातो यांच्या ३१ व्या डिव्हिजनने डोंगर तुडवत थेट कोहिमा गाठले. बैलगाड्यांच्याही वाटा नसलेल्या मुलखातून मोजक्या दिवसांचा शिधा घेऊन निघायचे आणि पुढचे धान्य शत्रूच्या कोठारांतून मिळवायचे, हा या योजनेचा पाया होता. कोठारे हाती आली नाहीत तर काय, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नव्हते. ब्रिटिशांच्या बाजूला विल्यम स्लिम यांची चौदावी सेना होती. तिची चौथी कोअर इंफाळच्या खोऱ्यात होती, तर पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानच्या आघाडीवरून विमानांनी उचलून आणण्यात आली. पायदळाची एक अख्खी डिव्हिजन लढाईतून उचलून हवाई मार्गाने दुसऱ्या लढाईत उतरवण्याची ती घटना त्या काळात असाधारण होती.

कोहिम्याला पोचणाऱ्या प्रवाशाला रणभूमी शोधत शहराबाहेर जावे लागत नाही, कारण शहरच रणभूमीवर उभे आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे येणाऱ्या डोंगरधारेवर जीपीटी रिज, जेल हिल, डीआयएस हिल, एफएसडी हिल, कुकी पिकेट आणि गॅरिसन हिल अशा टेकड्या एकीमागून एक आहेत. यांतली बरीच नावे लष्कराच्या रोजच्या कारभारातून आलेली आहेत. डीआयएस म्हणजे दररोजच्या शिध्याचे कोठार, एफएसडी म्हणजे आघाडीचा पुरवठा डेपो, आणि 'पिकेट' म्हणजे टेहळणीची चौकी. शहरातील गजबजलेल्या चौकाला आजही लोक टीसीपी म्हणतात. युद्धकाळात तिथे वाहतूक नियंत्रणाची चौकी होती, ती गेली आणि तिचे लघुनाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

५ एप्रिलच्या सुमारास वेढा पडला तेव्हा कर्नल ह्यू रिचर्ड्स यांच्या हाताखालच्या शिबंदीत सुमारे अडीच हजार माणसे होती आणि त्यांतही कारकून, स्वयंपाकी, आजारपणातून उठलेले शिपाई अशा बिनलढाऊंचा मोठा भरणा होता. आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स, नेपाळची शेर रेजिमेंट, राजपूत रेजिमेंटची एक कंपनी आणि ऐनवेळी आत शिरलेली रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटची चौथी बटालियन ही त्यांची लढाऊ ताकद होती. बटालियन म्हणजे मराठी शिपायांच्या बोलीतली पलटण. समोर बारा हजारांहून अधिक जपानी सैन्य होते. पाण्याचा मुख्य पुरवठा तुटल्यावर पाणीसुद्धा विमानातून टाकावे लागले, आणि छत्र्यांनी उतरणारी रसद वाऱ्यावर वाहून वारंवार शत्रूच्या हाती पडली. जेल हिल गेली, मग डीआयएस आणि एफएसडी गेल्या, १७ एप्रिलच्या रात्री कुकी पिकेटही पडली आणि शिबंदी गॅरिसन हिलच्या माथ्यावर काही शे मीटरच्या चौरसात कोंडली गेली. पश्चिमेला दोन-तीन किलोमीटरवर जोत्सोमा येथे अडकून पडलेल्या १६१ व्या ब्रिगेडच्या (ब्रिगेड म्हणजे काही पलटणींचा गट) पहाडी तोफांचा मारा टेकडीवरून बिनतारी यंत्राने अचूक साधला जात होता, आणि त्या तोफखान्यातले गोलंदाज भारतीय होते. हा तपशील कोहिम्याच्या कथेत अनेकदा तळटीपेत जातो. त्या तोफा नसत्या तर १८ एप्रिलला पहिली कुमक पोचण्याआधीच टेकडी पडली असती, असे मानायला भक्कम आधार आहे.

गॅरिसन हिलच्या उतारावर त्या वेळी डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांचा बंगला होता, आणि डोंगर कापून केलेल्या पायऱ्यांपैकी एकीवर त्यांचे टेनिस कोर्ट होते. कित्येक दिवस या कोर्टाच्या एका कडेला ब्रिटिश-भारतीय खंदक आणि दुसऱ्या कडेला जपानी खंदक होते. अंतर एवढे कमी होते की हातबॉम्ब टाकण्यासाठी उठून उभे राहण्याचीही गरज नव्हती. अखेर मे महिन्याच्या मध्यावर बुलडोझरने वाट पाडून एक रणगाडा वरच्या पायरीवर आणण्यात आला आणि त्याने अगदी जवळून जपानी खंदक उद्ध्वस्त केले. त्याच पायऱ्यांवर आज कोहिमा युद्ध दफनभूमी आहे. राष्ट्रकुल देशांतील युद्धमृतांच्या समाध्या सांभाळणाऱ्या आयोगाकडे तिची व्यवस्था असून दुसऱ्या महायुद्धातील १,४२० सैनिक इथे चिरविश्रांती घेत आहेत. मातीत बसवलेल्या लहान दगडांवर काशाच्या पाट्या आहेत. त्यांवर नाव, हुद्दा, पलटणीचे चिन्ह, वय, आणि काहींवर घरच्यांनी पाठवलेली एखादी ओळ आहे. अठरा, एकोणीस, बावीस असे वयांचे आकडे वाचत एकेक पायरी चढताना बंगला, बाग आणि कोर्ट यांची जुनी रचना पायांखाली कळत जाते. टेनिस कोर्टाच्या सीमारेषा पांढऱ्या रंगात आखून जपल्या आहेत. जवळच एका चेरीच्या झाडापाशी लावलेल्या फलकावर नोंद आहे, की मूळ झाडाचा उपयोग जपानी नेमबाजाने केला होता, ते लढाईत नष्ट झाले आणि त्याच्या बुंध्यातून हे झाड पुन्हा वाढले.

रॉयल वेस्ट केंटचे लान्स कॉर्पोरल जॉन हार्मन आणि रॉयल नॉरफोकचे कॅप्टन जॉन रँडल हे व्हिक्टोरिया क्रॉसचे दोन मानकरी इथेच आहेत. हार्मन ९ एप्रिलला डीआयएस टेकडीवर आणि रँडल ६ मे रोजी जीपीटी रिजवर पडले. दफनभूमीच्या खालच्या अंगाला, कुमकेला आलेल्या दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनचे स्मारक आहे. नागा लोकांच्या परंपरेत पराक्रमाच्या आणि गावजेवणाच्या स्मृतीसाठी मोठ्या शिळा उभ्या करतात, त्याच जातीची एक उभी अखंड शिळा स्मारकासाठी निवडली गेली. तिच्यावरचा समाधिलेख जगभर ठाऊक आहे आणि त्याचे नाते थर्मोपिलीच्या रणांगणावर पडलेल्या स्पार्टन योद्ध्यांसाठी लिहिलेल्या प्राचीन ग्रीक ओळींशी सांगितले जाते. बहुतेक प्रवासी या शिळेचे छायाचित्र घेऊन परततात. भारतीय वाचकाने मात्र सर्वांत वरच्या पायरीपर्यंत जायला हवे, कारण तिथे दहनस्मारक आहे. ज्या हिंदू आणि शीख सैनिकांचे त्यांच्या धर्मानुसार दहन झाले, त्यांना स्वतंत्र समाधी असणे शक्य नव्हते, म्हणून त्यांची नावे एकत्र कोरलेली आहेत. अशी ९१७ नावे इथे आहेत. खालच्या पायऱ्यांवर प्रत्येक माणसाला स्वतःची जागा आहे आणि वर शेकडो माणसे एका भिंतीत आहेत. धर्मविधींच्या भिन्नतेमुळे हा फरक झाला असला तरी त्याचा परिणाम असा होतो की पाहुण्याची नजर सैनिकाच्या वयावर, घरच्यांच्या ओळीवर ज्या रीतीने थबकते तशी ती वरच्या स्मारकापाशी थबकत नाही. ती थबकावी यासाठी तिथे थोडा अधिक वेळ मुद्दाम द्यायला हवा.

शहरात पायी फिरण्याजोग्या जागा आणखी आहेत. गॅरिसन हिलजवळच्या उतारावर लढाईत निकामी झालेला एक ली-ग्रँट रणगाडा जतन केलेला आहे, आणि तो जिथे आहे तिथला चढ पाहिल्यावर या डोंगरांत रणगाडा चालवणे म्हणजे काय होते हे कुठल्याही वर्णनाशिवाय कळते. उत्तरेला कोहिमा गाव, म्हणजे अंगामी नागांची बडा बस्ती आहे. वेढ्याच्या सुरुवातीला जपान्यांनी ते घेतले आणि पुढे महिनाभराहून अधिक काळ तोफा व विमाने यांच्या माऱ्यात घरे, धान्याची कोठारे, गुरे सारे गेले. नागांनी वाटाडे, हमाल आणि बातमीदार म्हणून ब्रिटिशांना केलेली मदत लष्करी इतिहासात कृतज्ञतेने नोंदलेली आहे, परंतु ज्यांचे गाव दोन परक्या साम्राज्यांच्या तोफांमध्ये सापडले त्यांच्या हानीचे स्मारक त्या प्रमाणात उभे राहिले नाही. अराडुरा टेकडीवरचे कॅथेड्रल या बाबतीत वेगळे ठरते. त्याच्या बांधकामाला युद्धात पडलेल्या जपानी सैनिकांच्या आप्तांनीही आर्थिक हातभार लावला. शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर किसामा येथील वारसाग्रामात, जिथे दर डिसेंबरात हॉर्नबिल महोत्सव भरतो, तिथे दुसऱ्या महायुद्धाचे संग्रहालय आहे. नकाशे आणि टेकड्यांच्या प्रतिकृती पाहण्यासाठी दफनभूमीआधीच तिथे जाणे उपयोगी पडते.

डोंगर चढण्याची तयारी असलेल्यांसाठी दोन वाटा विशेष अर्थपूर्ण आहेत. वेढा फुटल्यावरही धार जपान्यांच्या हाती होती, तेव्हा दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनच्या एका ब्रिगेडने उत्तरेकडून मेरेमाच्या धारेने कोहिमा गावावर, तर दुसरीने खोनोमाच्या बाजूने पुलेबाद्झे शिखराच्या रानातून जीपीटी रिजवर जाण्यासाठी लांब वळसा घेतला. खोनोमा आणि जोत्सोमाच्या परिसरातून पुलेबाद्झेकडे चढताना झाडी इतकी दाट आणि चढ इतका उभा आहे, की सामान पाठीवर घेतलेल्या सैन्याला दिवसाकाठी एवढे थोडे अंतर का कापता येई, याचा उलगडा नकाशापेक्षा इथे चांगला होतो. स्थानिक वाटाड्याशिवाय ही वाट धरू नये.

कोहिम्याहून दक्षिणेकडे निघाले की विस्वेमा, माओ, मरम ही जूनमधल्या पाठलागाची ठिकाणे रस्त्यावरच लागतात. उपाशी सैन्याला मरायला ठेवणे नाकारून सातो यांनी मेअखेरीस वरिष्ठांच्या आज्ञेविरुद्ध माघार सुरू केली आणि त्यासाठी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. २२ जून १९४४ रोजी, दिमापूरपासून मोजलेल्या १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ, उत्तरेकडून आलेली दुसरी ब्रिटिश डिव्हिजन आणि इंफाळकडून वर सरकलेली पाचवी भारतीय डिव्हिजन यांची गाठ पडली आणि रस्ता मोकळा झाला. इंफाळ जवळ आल्यावर कांगलाटोंगबी लागते. ६ आणि ७ एप्रिलच्या रात्री इथल्या दारूगोळ्याच्या आघाडीच्या डेपोतील माणसांनी, ज्यांचे नेमलेले काम पुरवठ्याचे होते, हल्ला परतवून लावला. त्यांचे स्मारक लष्कराच्या ऑर्डनन्स कोअरने राखले आहे.

इंफाळची रणभूमी कोहिम्यासारखी एका धारेत मावत नाही. खोऱ्यातून चहूदिशांना फुटलेल्या वाटांच्या तोंडाशी ती विखुरलेली आहे आणि ती पाहायला वाहन आणि सवड दोन्ही लागतात. ईशान्येला सपाटीतून एकाएकी उठलेला नुंगशिगुम डोंगर सर्वांत आधी पाहावा. विमानतळांवर नजर ठेवणारा हा माथा जपान्यांनी घेतल्यावर १३ एप्रिलला डोगरा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनच्या जोडीने कॅराबिनियर्स या रणगाडा रेजिमेंटचे ली रणगाडे अरुंद सोंडेवरून सुमारे हजार फूट वर चढवण्यात आले. अरुंद वाटेवर दिशा देण्यासाठी रणगाड्यातून डोके बाहेर काढणे भाग होते आणि त्यामुळे अधिकारी एकामागून एक पडले, तेव्हा स्क्वॉड्रन सार्जंट मेजर क्रॅडॉक यांनी उरलेले रणगाडे माथ्यावर नेले. इथे भव्य स्मारक नाही, पण डोंगराची सोंड जशीच्या तशी आहे आणि ती पायी चढता येते. युद्धाचा अभ्यास करणाऱ्यासाठी कोरीव शिळेपेक्षा अशी अबाधित सोंड अधिक मोलाची असते.

इंफाळ शहरात दोन दफनभूमी आहेत. एकीत सुमारे १,६०० समाध्या आहेत. दुसरी भारतीय सेनेची असून तिथे प्रामुख्याने मुस्लिम सैनिक आहेत, आणि तिच्यातच हिंदू व शीख सैनिकांचे दहनस्मारक आहे. ६ एप्रिल रोजी इंफाळच्या उत्तरेला एका टेकडीवर हल्ला चढवताना पडलेले नवव्या जाट रेजिमेंटचे जमादार अब्दुल हफीज, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, या दुसऱ्या दफनभूमीत आहेत. पर्यटकांच्या गाड्या पहिल्या दफनभूमीशी थांबतात, पण दुसरीत गेल्याशिवाय या लढाईत कोण लढले याचे चित्र पुरे होत नाही.

दक्षिणेकडच्या तिद्दिम रस्त्यावर विष्णुपूरच्या वाटेवर मैबाम लोत्पाचिंग नावाची लहानशी टेकडी आहे, जिला लष्करी नोंदींत रेड हिल म्हणत. मे महिन्यात ३३ व्या डिव्हिजनचे सैनिक इंफाळच्या दिशेने इथपर्यंत आले आणि बहुतेक इथेच संपले. तिच्या पायथ्याशी जपान सरकारने १९९४ मध्ये शांतिस्मारक उभारले आणि २२ जून २०१९ रोजी इंफाळ शांती संग्रहालय सुरू झाले. गावकऱ्यांच्या शेतांत आणि घरांत सापडलेली शिरस्त्राणे, पाण्याच्या बाटल्या, काडतुसे अशा वस्तू तिथे आहेत. याच रस्त्याने पुढे मोइरांग येते. १४ एप्रिल १९४४ रोजी जपान्यांच्या बाजूने लढणाऱ्या आझाद हिंद फौजेचे कर्नल शौकत अली मलिक यांनी इथे तिरंगा फडकवला आणि आज तिथे फौजेचे संग्रहालय व तिच्या सिंगापूरमधील स्मारकाची प्रतिकृती आहे. एकाच खोऱ्यात, इंफाळच्या भारतीय सेनेच्या दफनभूमीत आणि मोइरांगला, एकमेकांविरुद्ध लढलेल्या भारतीयांची दोन स्मारके आहेत. त्यांतल्या एकाला शूर आणि दुसऱ्याला चुकलेले ठरवण्याची घाई न करता दोन्ही पाहणाराच या मोहिमेचा गुंता समजू शकतो.

मराठी वाचकासाठी मात्र या रणभूमीची सर्वांत जवळची जागा इंफाळपासून ईशान्येला, उख्रुलच्या रस्त्याजवळच्या शांगशाक या तांगखुल नागा गावी आहे. जुन्या लष्करी कागदांत तिचे नाव संगशाक असे येते. मार्च १९४४ मध्ये ब्रिगेडियर होप-थॉमसन यांची ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड या भागात नुकतीच आली होती आणि तिच्या हाताखाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन दिली होती. १९२२ च्या पुनर्रचनेनंतर जुन्या मराठा पलटणी ज्या रेजिमेंटमध्ये एकत्र आल्या आणि जिचे केंद्र बेळगावला आहे, तीच ही रेजिमेंट. मराठ्यांची पहिली ठाणी पूर्वेकडे शेल्डन्स कॉर्नर या चौकीभोवती होती. १९ मार्चला जपानी पायदळ अनपेक्षित संख्येने समोर आले, जवळच्या उंचवट्यावरची पॅराशूट बटालियनची एक कंपनी लढता लढता जवळजवळ नाहीशी झाली आणि साऱ्या तुकड्या शांगशाकच्या टेकडीवर गोळा झाल्या. टेकडी खडकाळ होती, खोल खंदक खणता येत नव्हते, आत पाण्याचा झरा नव्हता, काटेरी तारा नव्हत्या. परीघ इतका लहान होता की विमानांनी टाकलेली रसद बऱ्याचदा जपान्यांकडे पडत होती. गावच्या चर्चभोवती हातघाईची लढाई झाली आणि ते कधी या बाजूच्या, कधी त्या बाजूच्या ताब्यात गेले. २६ मार्चच्या रात्री परतण्याचा हुकूम आला, तेव्हा उरलेल्यांनी जखमींना घेऊन अंधारात डोंगरातून इंफाळची वाट धरली.

तात्कालिक हिशोबात ती माघार होती. मात्र कोहिम्याकडे निघालेली मेजर जनरल मियाझाकी यांची तुकडी इथे जवळजवळ आठवडाभर थांबली, तिची माणसे आणि तिचा वेळ दोन्ही गेले, आणि पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेल्या नकाशावरून कोहिम्यावर अख्खी डिव्हिजन येत असल्याचे इंफाळला कळले. पुढे आसाम रेजिमेंटने जेस्सामी आणि खरासोम येथे आणखी काही दिवस मिळवले. कोहिम्याची शिबंदी जेमतेम उभी राहू शकली ती या दिवसांच्या बळावर. तरीही शांगशाकला जाणारे फार थोडे असतात. गावात लढाईची स्मृती जागी आहे, चर्चची टेकडी ओळखता येते, आणि चहूकडच्या उंचवट्यांवरून ती किती उघडी पडते हे पाहिल्यावर चार-पाच दिवस ती राखली गेली याचे आश्चर्य वाटते.

या प्रदेशात जाण्यासाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ योग्य असतो. नागालँड आणि मणिपूर या दोन्ही राज्यांत बाहेरच्या भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा लेखी परवाना, आधी काढावा लागतो. २०२३ च्या मे महिन्यापासून मणिपुरात जो संघर्ष पेटला त्याने कोहिमा-इंफाळ रस्त्यावरच्या प्रवासाचे स्वरूप बदलले. त्यामुळे दोन्ही शहरे एका दौऱ्यात रस्त्याने जोडण्याऐवजी दिमापूर आणि इंफाळ या विमानतळांवरून स्वतंत्रपणे गाठण्याचा विचार करावा आणि निघण्यापूर्वी तिथल्या प्रशासनाकडून परिस्थितीची खात्री करून घ्यावी.

शांगशाकला पडलेल्या मराठा शिपायांची नावे शोधणाऱ्याने कोहिमा आणि इंफाळच्या दहनस्मारकांवर पाहावेच. पण या आघाडीवर ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही किंवा ज्यांना समाधी मिळाली नाही अशा राष्ट्रकुल सैनिकांची सुमारे २७,००० नावे यांगूनच्या उत्तरेला ताउक्यान येथील युद्ध दफनभूमीतल्या रंगून स्मारकाच्या खांबांवर कोरलेली आहेत. ती पलटणीनुसार लावलेली असल्याने पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा भाग तिथे सलग वाचता येतो.